वाटेवरची चूल

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत ज्या गटांनी खाण्याचा गाळा लावला आहे, त्यांच्या बैठकीत एक वाद ठरलेला असतो. शेगडी कोणती न्यायची? कोळशाची, गॅसची, की बीडाची मोठी भट्टी? पैसा गटाचा, टेंपो भाड्याचा आणि उभं राहायचं आपल्याला. आम्हा समन्वयक बायांना हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की आज त्याचा थोडा इतिहासच सांगावा म्हटलं.

घरची मातीची चूल काही उचलून नेता येत नाही. म्हणून घराबाहेर पडलेल्या माणसाची पहिली चूल म्हणजे तीन दगड. मेंढपाळांची, ऊसतोडीला निघालेल्यांची, यात्रेकरूंची, सगळ्यांची हीच. विकत घ्यायला नको, वाहायला नको. आपल्या भागात तिचा सगळ्यात मोठा पसारा दिसला तो वारीत.

तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरपूरची वाट धरली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून ज्ञानोबांची वेगळी पालखी सुरू केली आणि दिंड्यांना शिस्त लावली. देहूची पालखी आजही गाव सोडल्यावर आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पिंपरी, कासारवाडी, दापोडीवरून पुण्यात जाते. पुढची वाट जवळपास अडीचशे किलोमीटरची. अभंग, पताका, रिंगण यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. आमचं लक्ष मात्र दिंडीच्या मागच्या गाडीकडे जातं. पिठाची पोती, काहिली, परात, तवे. जेठ-आषाढाचा पाऊस, ओलं जळण, आणि मुक्कामावर सगळ्यांच्या आधी पोचून चूल पेटवायची ती बहुधा बाईनं.

चुलीवर काय शिजतं एवढाच प्रश्न कधी नव्हता. ती कोणाची, हाही होता. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्याचं इंग्रजी रूप १९६२ मध्ये छापून आलं. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी भजन एकत्र म्हणत, पण जेवत वेगवेगळी. हे त्यांना फार लागलं. दिवसभर एका टाळावर चालायचं आणि संध्याकाळी पंगती दोन! जळणाचा हिशेब करणारीला तर हे आणखीच विचित्र वाटावं.

उचलून नेता येणारी पहिली खरी सोय म्हणजे लोखंडी शेगडी. खाली राखेचं दार, वर जाळी, मध्ये लोणाऱ्यांनी भाजलेला कोळसा. धूर कमी, निखारा टिकतो, भाकरी फुगते, वांगं आणि कणीस भाजून निघतं. आजकाल शहरात अंगणातल्या पार्टीसाठी ‘ग्रिल’ म्हणून जे महाग यंत्र विकतात, ते हिचंच नटवलेलं भावंड. दोष एकच, पण जिवावरचा: कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही की नाकाला कळत नाही. बंद खोलीत, तंबूत किंवा टेंपोच्या हौद्यात ताडपत्री ओढून शेगडी पेटती ठेवली, तर झोपलेलं माणूस उठतच नाही.

मग आला स्टोव्ह. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास रॉकेलवर चालणारा, वात नसलेला स्टोव्ह बाजारात आणला. त्याचं ‘प्रायमस’ हे नाव आपल्याकडेही रुळलं. आधी काकडा पेटवायचा, मग पंप मारायचा, भोक बुजलं की पिन मारायची. आवाज भयंकर, पण पाच मिनिटांत चहा. प्रवासाला निघालेल्या कुटुंबाच्या ट्रंकेत तो जाऊन बसला, आणि चाळीतल्या एका खोलीतही. पुढे १९७० च्या दशकात इंडियन ऑइलचा ‘नूतन’ हा वातीचा स्टोव्ह आला. त्यात पंप नव्हता, म्हणून भडक्याची भीती कमी.

भडक्याबद्दल मात्र थांबून बोलायलाच हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ अशा बातम्या वर्तमानपत्रात नेहमीच्या झाल्या होत्या. काही वेळा स्टोव्ह खरंच फुटे. पण भडका नेमका सुनेच्याच अंगावर का उडतो, सासू-नवऱ्याच्या का नाही, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी रस्त्यावर उतरून विचारला. १९८३ मध्ये कायद्यात कलम ४९८ अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब. चुलीच्या इतिहासात हे पान घातलं नाही, तर तो इतिहास अर्धा.

वारीतलं चित्र बदललं ते गाडीमुळे. बैलगाडीच्या जागी ट्रक आणि टेंपो आले. ज्या आकुर्डीत पालखी मुक्काम करते, तिथल्याच बजाज टेंपोच्या कारखान्यातली मॅटाडोर महाराष्ट्रभर भाजी, वऱ्हाड आणि भांडीकुंडी वाहत होती. आता दिंडीच्या ट्रकमध्ये सिलिंडर, बर्नर आणि पाण्याची टाकी असते. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांची चर्चा मोठ्या कौतुकानं झाली. वारकरी बायांना हसूच आलं असेल.

आता आपल्या गाळ्याचं. रॉकेल रेशनवर जवळजवळ मिळेनासं झालं, तेव्हा स्टोव्हचा विचार सोडा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही. मोठ्या कामाला १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा. फिरतं काम असेल तर ५ किलोचा छोटा बरा. तो ओळखपत्र दाखवून एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतो, आणि एकटी बाई उचलू शकते. आमच्या मते हीच पहिली कसोटी. दुकानदार शेगडीची चकाकी दाखवतो. तुम्ही तिचे पाय बघा. भरलेलं पातेलं ठेवून उलथन्यानं ढवळल्यावर ती हलत असेल, तर फुकटही नको. जाळी सुटी होऊन घासता येते का, उंची कमरेला येते का, वाऱ्याला आडोसा आहे का, हेही हात लावून पाहा. खरेदीला खजिनदारासोबत प्रत्यक्ष भाकरी थापणारीलाही न्या.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. त्यामुळे गाडीत शेगडी पेटवू नका. आधी खाली उतरवा. सिलिंडर उभाच ठेवा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला आणि जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा.

भरताचं वांगं मात्र गॅसवर भाजू नका. गाळ्याच्या उघड्या बाजूला, मुलांच्या वाटेपासून लांब, एक छोटी कोळशाची शेगडी ठेवा. शेजारी वाळूची बादली. पवनाथडीत निम्मं गिऱ्हाईक त्या वासावरच वळतं.