नियम आणि नाते : कर्मठपणाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर यांसारख्या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एकेक ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या फडावर चार-पाच महिने राबतो. या कष्टकऱ्यांत आपली ख्रिस्ती माणसेही असतात. त्यांचा नाताळ कोपीत जातो, प्रायश्चित्तकाळ फडावरच सुरू होतो आणि रविवार तर त्यांच्या वाट्याला येतच नाही, कारण कारखान्याचे गाळप रविवारी थांबत नाही. गावी परतल्यावर यांतील काही जण मिस्सेच्या वेळी दारापाशीच उभे राहतात आणि पवित्र कम्युनियनसाठी पुढे येत नाहीत. आपण नियम मोडला, आता कोणत्या तोंडाने पुढे जावे, असे त्यांना वाटते.

दुसऱ्या बाजूला वस्त्यावस्त्यांतून भरणाऱ्या प्रार्थनासभांत आणखी एक गोष्ट सांगितली जाते. कॅथलिकांजवळ नियम आहेत, आमच्याजवळ मात्र येशूशी नाते आहे, असा तिचा सूर असतो. आपल्यातील काही कुटुंबे हे ऐकून तिकडे गेली आहेत आणि त्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही.

दारापाशी थांबणारा आणि दार सोडून जाणारा या दोघांचीही समजूत मुळात एकच आहे. ख्रिस्तसभेचे नियम हे एक आणि देवाशी नाते हे दुसरे, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत कॅथलिक शिकवणीला धरून नाही. ती कुठून आली आणि ख्रिस्तसभेची खरी शिकवण काय, ते या लेखात पाहण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

कर्मठपणा कशाला म्हणावे

मराठी भाषेला ‘कर्मठ’ हा शब्द कोणी बाहेरून शिकवावा लागला नाही. जी गोदावरी नांदेडवरून वाहते, तिच्याच काठी वर पैठण आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगाजलाची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, अशी परंपरा आहे. सोबतच्या यात्रेकरूंना यात्रा वाया गेली असे वाटले. नाथांना ती तेथेच पूर्ण झाली असे वाटले. ही कथा मराठवाड्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करणारा येशू आपल्या लोकांना परका वाटत नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हा प्रभूच्या उत्तराचा आशय संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आला आहे.

मात्र येथे एक खबरदारी घ्यावी लागते. प्रभूने नियम टाकून द्या असे सांगितले नाही. संत मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश मोजून देणाऱ्यांना तो खडसावतो, पण दशमांश देऊ नका असे म्हणत नाही. न्याय, दया व विश्वास या मोठ्या गोष्टी सांभाळा आणि त्या लहान गोष्टीही सोडू नका, असे तो म्हणतो. तेव्हा नियम पाळणे म्हणजे कर्मठपणा नव्हे. नियम ज्याच्यासाठी आहे त्याचा विसर पडणे आणि नियम पाळल्याच्या बळावर देवाकडे हक्काने हात पसरणे, हा कर्मठपणा होय.

‘परुशी’ हा शब्दही आपण फार स्वस्त करून टाकला आहे. निकदेम परुशी होता, संत पौल परुशी होता. २०१९ साली रोम येथे पोपपीठाच्या बायबल संस्थेने येशू व परुशी या विषयावर परिषद भरविली, तेव्हाही या शब्दाआडून यहुदी लोकांची निंदा होऊ नये यावर भर देण्यात आला होता. मंदिरातील परुशी आणि जकातदार यांचा दाखला प्रभूने कोणत्या एका जातीच्या लोकांविषयी सांगितला नाही. स्वतःला नीतिमान समजून इतरांना तुच्छ मानणाऱ्यांना उद्देशून तो सांगितला, हे संत लूक आरंभीच नोंदवितो. असे लोक आपल्या बाकांवरही बसतात.

दोन हजार वर्षांचा जुना आजार

ख्रिस्तसभेत हा प्रश्न पहिल्याच पिढीत उभा राहिला. अन्यधर्मीयांतून आलेल्या नवख्रिस्ती लोकांनी सुंता करून मोशेचे सर्व नियमशास्त्र पाळावे काय, यावर सुमारे सन ४९ मध्ये यरुशलेम येथे प्रेषित व वडीलजन एकत्र जमले. जे ओझे आमच्या पूर्वजांना पेलले नाही आणि आम्हालाही पेलत नाही, ते यांच्या मानेवर का ठेवता, असा संत पेत्राचा मुद्दा होता. पाचव्या शतकात पेलाजियसच्या मताप्रमाणे माणूस स्वतःच्या पुण्याईने तारणापर्यंत पोहोचू शकतो असे मानले जाऊ लागले. ते मत सन ४१८ च्या कार्थेज परिषदेने नाकारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या ‘गाऊदेते एत एक्सुलताते’ या प्रेषितीय पत्रात या जुन्या चुकीला आजच्या ख्रिस्तसभेपुढील एक धोका म्हटले आहे.

पण आमच्या मते आपल्या लोकांना सर्वांत अधिक बोध करणारा इतिहास पवित्र कम्युनियनचा आहे.

१२१५ सालच्या चौथ्या लॅटेरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थान सणाच्या सुमारास, कम्युनियन घ्यावे असा नियम केला. लोक ते घेईनासे झाले होते, म्हणून हा ‘निदान’ घालावा लागला. सतराव्या शतकात बिशप जान्सेन यांच्या विचाराचे लोक फ्रान्स व आसपासच्या देशांत प्रबळ झाले. १६४३ साली आंत्वान आर्नो यांनी वारंवार कम्युनियन घेण्याविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यात इतकी कडक तयारी सांगितली की सामान्य भाविकाने भीतीने मागेच राहावे. जान्सेनपंथीयांची पाच विधाने पोप इनोसंट दहावे यांनी १६५३ मध्ये दोषी ठरविली. तरी त्यांनी पेरलेली भीती घराघरांत पुढे अडीचशे वर्षे टिकली. आदर म्हणून दूर राहायचे, अशी ती रीत होती.

पोप पायस दहावे यांनी २० डिसेंबर १९०५ च्या आदेशाने ही रीत मोडली. जो कृपेच्या अवस्थेत आहे आणि ज्याचा हेतू शुद्ध आहे, त्याला रोजही कम्युनियन घेता येईल, असे त्यांनी सांगितले. पुढे १९१० साली बालकांनाही समज आल्यावर, म्हणजे साधारण सातव्या वर्षी, कम्युनियन द्यावे असे ठरले. तोवर मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबविले जाई.

आता उपवासाचा नियम पाहावा. कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्न तर नाहीच, पण पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा पूर्वी दंडक होता. आजारी व मरणासन्न यांना काही सूट होती. मराठवाड्यातील वैशाखाचे ऊन डोळ्यांपुढे आणावे. धर्मगुरू एका गावची मिस्सा करून दुसऱ्या गावी बैलगाडीने पोहोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि तोवर तेही निर्जळी व गावकरीही निर्जळी, असा त्या नियमाचा अर्थ होता. पोप पायस बारावे यांनी १९५३ साली पाण्याने उपवास मोडत नाही असे जाहीर केले आणि प्रवास, कष्टाचे काम, उशिराची वेळ अशा कारणांसाठी सवलती दिल्या. १९५७ मध्ये घन अन्नासाठी तीन तासांची मर्यादा ठरली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पोप पॉल सहावे यांनी ती एका तासावर आणली. आजच्या कॅनन कायद्याचे ९१९ वे कलम तेच सांगते आणि वृद्ध, आजारी तसेच त्यांची सेवा करणारे यांना त्या तासाभरातूनही मोकळे करते.

कायदा बदलला, याचा अर्थ आधीचे लोक मूर्ख होते असा नाही. निर्जळी चालत येणाऱ्या आजी-आजोबांची ओढ आमच्यापेक्षा मोठी असेल. नियम प्रभूच्या भेटीसाठी आहे. तो भेटीच्या आड येऊ लागला, तेव्हा ख्रिस्तसभेने तो बदलला, इतकेच.

देवाची चोपडी

कर्मठपणाचा दुसरा चेहरा अधिक क्रूर असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपत असताना, लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत जवळपास दहा हजार माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. अशा संकटानंतर माणूस विचारतो, ही कोणत्या पापाची शिक्षा? हाच प्रश्न प्रभूपुढेही आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावले, ते काय यरुशलेममधील इतर सर्वांहून अधिक अपराधी होते? संत लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू याला स्पष्ट नकार देतो, आणि मग जिवंत असलेल्या सर्वांनाच पश्चात्तापाचे आवाहन करतो. मृतांचा हिशेब करायला तो कोणाला बसू देत नाही.

जो देव सावकारासारखी चोपडी घेऊन बसला आहे असे आपण मानतो, त्याच्याशी नाते जोडता येत नाही, व्यवहार तेवढा करता येतो. लातूरने महाराष्ट्राला परीक्षेचा ‘लातूर पॅटर्न’ दिला. गुणांची ती शिस्त अभ्यासात शोभते. प्रार्थनेत तिचे काही काम नाही. इतक्या जपमाळा, इतके नोव्हेना, इतके गुण, असा हिशेब मांडणाऱ्या मुलाला उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ दाखवावा. त्याने एकही आज्ञा मोडली नव्हती आणि तरीही तो घराबाहेर उभा होता.

नाते हा शब्द उसना नाही

आता दार सोडून जाणाऱ्यांविषयी. प्रभूशी व्यक्तिगत नाते ही कल्पना इतर पंथांकडून उसनी घेतलेली नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाचा चौथा भाग प्रार्थनेवर आहे, आणि त्याच्या सुरुवातीलाच (परिच्छेद २५५८) प्रार्थनेला जिवंत देवाशी असलेले जिवंत, व्यक्तिगत नाते म्हटले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००५ च्या पहिल्या विश्वपत्राच्या आरंभीच, ख्रिस्ती जीवन नैतिक निर्णयातून वा उदात्त कल्पनेतून नव्हे तर एका व्यक्तीच्या भेटीतून सुरू होते, असा विचार आहे. २०१३ च्या ‘एव्हांजेली गाऊदियुम’मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पापनिवेदनाची जागा छळाची कोठडी होऊ नये आणि कम्युनियन हे परिपूर्णांचे बक्षीस नसून दुर्बळांचे अन्न व औषध आहे, असे बजावले.

हे सारे असताना आपल्या लोकांना ते बाहेर जाऊन ऐकावे लागले असेल, तर ती आपली चूक आहे. धर्मशिक्षणात आपण आज्ञा पाठ करून घेतल्या. त्या आज्ञा देणाऱ्याशी बोलायला किती शिकविले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

परंतु नियमाशिवायचे नाते किती दिवस टिकते, हाही प्रश्न आहे. आईवर माझे प्रेम आहे, पण मी तिला कधी भेटायला जात नाही, असे म्हणणाऱ्याला गाव काय म्हणेल? केवळ भावनेवर उभी राहिलेली भक्ती भावना ओसरली की ओसरते. मग माणूस स्वतःला दोष देतो किंवा नव्या सभेच्या शोधात निघतो. रविवार, उपवास आणि संस्कार हे या नात्याच्या अंगवळणी पडलेल्या सवयी आहेत.

फडावरच्या रविवारचे काय

रविवारी व बंधनकारक सणांच्या दिवशी मिस्सेत सहभागी होणे हे कॅनन कायद्याच्या १२४७ व्या कलमाप्रमाणे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, आणि गंभीर कारण नसताना ते जाणूनबुजून टाळणे हे गंभीर पाप आहे, असे धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २१८१ सांगतो. त्याच परिच्छेदात आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी यांसारखी कारणे सांगून त्यांतून सूटही दिलेली आहे. आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते (कलम १२४८). क्लासची चाचणी रविवारी सकाळी असणाऱ्या नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. जेथे शनिवारी मिस्सा नसते तेथे आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. योग्य कारणासाठी एखाद्याला या बंधनातून मोकळे करण्याचा किंवा त्याऐवजी दुसरे धर्मकृत्य सांगण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना आहे (कलम १२४५). तो मागायला संकोच कसला?

जेथे धर्मगुरूच नाहीत किंवा अन्य गंभीर कारणाने मिस्सा अशक्य आहे, तेथे शब्दविधीत भाग घ्यावा, अथवा एकट्याने, कुटुंबासह किंवा काही कुटुंबांनी मिळून योग्य वेळ प्रार्थना करावी, अशी त्याच १२४८ व्या कलमाची आग्रहाची शिफारस आहे. म्हणजे कोपीत चूल विझल्यावर चार माणसांनी वाचलेला शुभवर्तमानाचा उतारा ख्रिस्तसभेच्या कायद्यातच धरलेला आहे. वाचता येणारे कोणी नसेल तर पाठ असलेल्या प्रार्थना म्हणाव्यात, जपमाळ करावी. अशी प्रार्थना घेण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

राहिला परतल्यानंतरचा प्रश्न. पुनरुत्थानकाळी कम्युनियन घेण्याचे जे वार्षिक बंधन आहे, ते योग्य कारण असल्यास वर्षातील अन्य वेळी पूर्ण करता येते, असे ९२० वे कलम सांगते. ज्याला मिस्सेला जाणे खरोखर अशक्य होते, त्याने न गेल्याने पाप केलेले नाही. अन्य काही गंभीर पाप मनाला बोचत असेल तर आधी पापनिवेदन करावे. बोचत नसेल तर गावी आल्यावरच्या पहिल्याच मिस्सेला, तासाभराचा उपवास पाळून, रांगेत इतरांबरोबर उभे राहावे.