जिभेची चूक, बोटांची दुरुस्ती

वाचाघाताचा इतिहास सांगताना बहुतेक जण ‘ताँ’ या रुग्णापासून सुरुवात करतात. लबोर्न नावाचा हा माणूस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात २१ वर्षे होता. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘ताँ, ताँ’. समोरच्याला अर्थ कळला नाही की तो संतापायचा आणि एखादी शिवी मात्र तोंडातून स्पष्ट निघायची. एप्रिल १८६१ मध्ये तो वारला. पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. पुढे हीच गोष्ट गाजली.

मला मात्र त्याच वर्षी ब्रोकाने पाहिलेला दुसरा रुग्ण जास्त बोलका वाटतो. लेलाँ, वय ८४, पूर्वी मातीकाम करणारा मजूर. त्याच्याकडे पाचच शब्द उरले होते: हो, नाही, तीन, नेहमी आणि स्वतःचे मोडकेतोडके नाव. कोणताही आकडा सांगायचा झाला की तोंडातून ‘तीन’च यायचे.

ब्रोकाने विचारले, मुले किती? तो म्हणाला, ‘तीन’ आणि लगेच चार बोटे वर केली. मुलगे किती? ‘तीन’, बोटे दोन. मुली किती? पुन्हा ‘तीन’, बोटे दोन. हिशेब चोख जुळत होता. आपली जीभ चुकते आहे, हे त्याला ठाऊक होते. ती चूक तो तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करत होता.

सगळ्यांना हे जमत नाही. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने दुसऱ्या प्रकारचे रुग्ण वर्णिले. ते भराभर बोलतात, पण शब्द भलतेच येतात आणि पुष्कळदा ते त्यांच्या लक्षातही येत नाही. दुरुस्ती करायला आधी चूक कळावी लागते.

पक्षाघातानंतर आपल्याकडेही घरोघरी हे दिसते. आजोबा ‘पाणी’ म्हणायला जातात, ‘पलंग’ म्हणतात, मान हलवतात, पुन्हा प्रयत्न करतात. आपण घाईने म्हणतो, ‘यांना आता काही कळत नाही.’ वास्तविक ती हललेली मानच सांगत असते की त्यांना कळते आहे.

ब्रोकाने केवळ शब्द ऐकून प्रश्न थांबवले असते, तर त्या म्हाताऱ्याची चार मुले कायमची तीनच राहिली असती. त्याने बोटांकडेही पाहिले. तेवढी सवड आपण आपल्या माणसाला देतो का?