स्विच-स्टॅक : आरंभ आणि भूमिकानिश्चिती

एकावर एक बसवलेले नेटवर्क स्विच मागच्या बाजूने खास केबलींनी वर्तुळात जोडून एकच स्विच म्हणून चालवण्याची रचना. पुण्यात खराडीच्या ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर यांसारख्या संकुलांत जिथे एका मजल्यावर शेकडो माणसे बसतात, तिथे ४८ पोर्टचा एक स्विच पुरत नाही. मग हब रूमच्या रॅकमध्ये चार-पाच स्विचांचा स्टॅक लावतात. सगळ्यांचा मिळून आयपी पत्ता एक, कॉन्फिगरेशन एक आणि कारभारीही एकच. सिस्कोने २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० मालिकेत ‘स्टॅकवाइज’ आणले, तेव्हा ९ स्विच जोडता येत. आजच्या ९३०० मालिकेत ८ जोडता येतात. पुढील वर्णन मुख्यतः याच मालिकेचे आहे.

वीज आली की प्रत्येक स्विच आधी स्वतःची तपासणी करतो, सॉफ्टवेअर मेमरीत चढवतो आणि मग केबलींवरून शेजारी शोधतो. त्यानंतर निवड होते. तिची मुदत १२० सेकंदांची असते. तेवढ्यात हजर झालेल्यांपैकी सर्वाधिक प्रायॉरिटीचा स्विच ‘अ‍ॅक्टिव्ह’ होतो. प्रायॉरिटी १ ते १५ असते, कारखान्यातून येताना सर्वांचीच १. बरोबरी झाली तर लहान मॅक पत्त्याचा स्विच जिंकतो, म्हणजे कारभार कोणाकडे हे निव्वळ योगायोगावर सोडल्यासारखे होते. दुसरा ‘स्टँडबाय’, बाकीचे ‘मेंबर’. समोरच्या पट्टीवर ‘एसीटीव्ही’ दिवा स्थिर हिरवा दिसला तर तो अ‍ॅक्टिव्ह. सावकाश लुकलुकला तर स्टँडबाय.

उशिरा आलेला स्विच, त्याची प्रायॉरिटी १५ असली तरी, चालत्या अ‍ॅक्टिव्हला हटवत नाही. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात. वीज, जनरेटर, यूपीएस यांच्या अदलाबदलीत रॅकमधले सगळे स्विच एकाच क्षणी उठतील याची खात्री नसते, आणि मग कारभार भलत्याच स्विचकडे जाऊन बसतो. म्हणून सर्व स्विच एकाच यूपीएसवर ठेवावेत. वरच्याला १५ आणि खालच्याला १४ प्रायॉरिटी आपण होऊन द्यावी.

मेंबर क्रमांक ही वेगळी बाब. पोर्टच्या नावातला पहिला आकडा तोच : ‘३/०/१२’ म्हणजे तिसऱ्या स्विचचे बारावे पोर्ट. हा क्रमांक स्विचच्या स्मृतीत टिकतो, रॅकमधली जागा बदलली तरी बदलत नाही. म्हणून स्विचवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली बरी.

इतर कंपन्यांचे नियम थोडे निराळे आहेत. ज्युनिपरच्या ‘व्हर्च्युअल चॅसिस’मध्ये प्रायॉरिटी ० ते २५५, मूळ मूल्य १२८, एच३सीच्या ‘आयआरएफ’मध्ये १ ते ३२.

नवा स्विच जोडताना तो बंद ठेवूनच केबली लावाव्यात. दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्ह चालू असताना जोडले, तर निवडीत हरलेली बाजू रीलोड होते आणि तिच्यावरचे फोन, वाय-फाय, कॅमेरे तेवढा वेळ बंद पडतात.