आखाडा कोणता?

आमच्या आजोबांच्या गोष्टींत खेळाडूंची नावं कमीच येत. येत त्या गल्ल्या. अमक्या गल्लीच्या पोरांनी तमक्या आखाड्याला चिटणीस पार्कात कशी माती चारली, हे ते हातवारे करून सांगत. “पोरगा कोणाचा ते मंग. आखाडा कोणता, हे पयले इचारत.”

नागपूरच्या महाल भागात हे असं का, त्याचं उत्तर मला पुढे इतिहासात सापडलं. 1854 साली भोसल्यांचं राज्य खालसा झालं. पैलवानांना पोसणारा दरबार गेला. 1878 च्या शस्त्रकायद्यानं हत्यारांवर बंधनं आली. उरली लाठी, उरलं शरीर. दरबाराची जागा गल्लीनं घेतली. वर्गणी काढून हौदात तांबडी माती टाकायची, तिच्यात तेल, ताक, हळद कालवायची, नागपंचमीला तिची पूजा करायची. राज्य गेलेल्या गावाला कुठेतरी जिंकायला हवं होतं, असं आपलं माझं मत.

त्या मातीतून काय काय निघालं! 1925 च्या दसऱ्याला डॉ. हेडगेवारांच्या महालातल्याच घरी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला. सुरुवातीची पोरं आखाड्यांतच जोर-बैठका काढत. पुढच्या वर्षी मोहिते वाड्याच्या पडक्या आवारात रोजची शाखा भरू लागली. याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या समता सैनिक दलाच्या तरुणांनीही शिस्तीचे आणि लाठीचे धडे गिरवले. 1956 च्या धम्मदीक्षेला गर्दी सांभाळायला तेच उभे होते. लाठी तीच, पण ती कोणासाठी उचलायची याची उत्तरं निराळी. स्पर्धांच्या मंडपात पाहुणे ‘खेळ माणसं जोडतो’ म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. जोडतो खरा, पण आधी कुंपण घालून.

कबड्डीत तर ते कुंपण चुन्यानंच आखलेलं. आजी माडीच्या खिडकीतून सामने बघे. खाली उतरायची सोय नव्हती, पण नजर पक्की. “तो डावा कोपरा कच्चा हाय,” ती म्हणायची, आणि चढाईवाला नेमका तिथूनच गडी मारून परत यायचा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये आपले देशी खेळ दाखवले, त्याचं आजोबांना कोण अप्रूप! आजीचा प्रश्न एवढाच, “बाया होत्या का त्यात?”

आजोबांचा खरा देव मात्र क्रिकेटमधला. कर्नल सी. के. नायडू, जन्म नागपूर, 1895. घराणं मूळचं तेलुगू, पण आजोबांच्या लेखी अस्सल नागपुरी. डिसेंबर 1926 मध्ये मुंबईत त्यांनी गिलिगनच्या इंग्लिश एमसीसी संघाविरुद्ध 153 धावा ठोकल्या, 11 षटकारांसह. आजोबा तेव्हा शाळकरी, मुंबई त्यांनी पाहिलेलीही नव्हती. तरी प्रत्येक षटकार कुठे पडला हे ते बोटानं दाखवत. त्या दिवशी नायडू ज्या संघातून खेळले त्याचं नाव होतं ‘हिंदू’. तेव्हा पारशी, मुसलमान, युरोपियन असे धर्म-जमातवार संघ असत. सहा वर्षांनी लॉर्ड्सवर तेच भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. तोच माणूस, तीच बॅट, पण आता ‘आपले’ म्हणणारे कितीतरी वाढले.

“आपला नायडू,” आजोबा म्हणत. आजी भाकरी थापता थापता विचारे, “आपला, तं इंदूरला काऊन गेला?” तिथल्या होळकर महाराजांनी बोलावलं म्हणून गेला, हे आजोबांना सांगवत नसे.

1 जानेवारी 2018 ला विदर्भानं पहिला रणजी करंडक जिंकला, तोही इंदुरात, होळकरांच्याच नावाच्या मैदानावर. कर्णधार आपला फैज फझल. विजयी फटके वसीम जाफरचे, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. हे दोघे मुंबईकर. आजी असती तर तिनं विचारलंच असतं, “हे आपले कवापासून?” आणि उत्तर यायच्या आत संत्रा बर्फीचा तुकडा तोंडात टाकला असता.