विलायतेचा ‘खुष्कीचा मार्ग’: त्यांत खुष्की किती व दर्या किती

कांहीं महिन्यांपूर्वीं एका संग्राहक मित्रानें इ. स. १८४० च्या सुमाराचा एक लखोटा मला दाखविला. मुंबईहून लंडनला गेलेला व पुढें कोणा साहेबाच्या जुन्या कागदांबरोबर पुन्हां इकडे विकावयास आलेला असा तो होता. कोपऱ्यांत इंग्रजींत ‘ओव्हरलँड’ असा शेरा, आणि मधोमध सुरीनें दिल्यासारख्या दोन उभ्या चिरा. हें एखाद्या निष्काळजी कारकुनाचें काम आहे असें समजून मित्रानें त्यांवर पातळ कागद चिकटविण्याचा बेत केला होता. तो मीं थांबविला. त्या चिरांचें कारण सांगूं लागलों तों त्या शेऱ्याचेंहि सांगावें लागलें, आणि बोलणें सगळ्या मार्गावरच गेलें. म्हणून हा लेख.

‘ओव्हरलँड’ याचें भाषांतर आपण ‘खुष्कीचा मार्ग’ असें करितों, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें इराण-तुराणांतून चाललेला काफला उभा राहतो. वस्तुतः हिशेब असा आहे. मुंबईपासून सुवेझपर्यंत तीन हजार सागरी मैलांच्या आसपास पाणी. अलेक्झांड्रियापासून इंग्लंडच्या साउथॅम्प्टन बंदरापर्यंत पुन्हां जवळजवळ तितकेंच पाणी. मधला मिसर देश सुमारें अडीचशें मैलांचा. पण त्यांतहि कायरोपासून आटफेपर्यंत नाइल नदी, आणि आटफेपासून अलेक्झांड्रियापर्यंत महंमद अल्लीनें १८२० त पुरा केलेला महमुदिया कालवा. चाकांच्या गाडीनें जावयाची खरी खुष्की सुवेझ ते कायरो, म्हणजे उणीपुरी ८४ मैल! तर्कशास्त्री ‘मंडप’ शब्दाचें उदाहरण देतात: योगार्थ घेतला तर पेज पिणारा, रूढार्थ मात्र निराळाच. ‘ओव्हरलँड’ हा शब्दहि त्याच जातीचा. जमिनीवरून जाणारा असा अर्थ धरून चालणारा संशोधक चकतो. केपला वळसा न घालतां जाणारा इतकाच त्याचा रूढार्थ.

या ८४ मैलांची सोय करणें त्या मानानें सोपें होतें. दोन्ही टोकांना योग्य दिवशीं आगबोट उभी असणें हेंच अवघड. माझ्या मतें या मार्गाचा इतिहास म्हणजे मुख्यतः जहाजांच्या व कोळशाच्या तजविजीचा इतिहास आहे, आणि आपल्या दप्तरांतील तारखा लावतांनाहि हेंच ध्यानीं धरावें लागतें.

केप ऑफ गुड होपवरून शिडाचें जहाज विलायतेस जावयास चार ते सहा महिने घेई. तांबड्या समुद्रांतून वाफेनें जावें ही कल्पना माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें मुंबईचा गव्हर्नर असतांना पुढें मांडली, व स्वतः १८२७ त परत जातांना मिसरचीच वाट धरिली. त्याच्यामागून आलेल्या सर जॉन माल्कमच्या कारकीर्दींत मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजीं सुवेझला निघाली. तिच्या पोटांत कोळसा मावे साडेपांच दिवसांचा, आणि एडनपर्यंतची मजल अकरा दिवसांची! तेव्हां उतारूंच्या खोल्यांतून व डेकावरहि कोळसा रचला, व बोट पाण्यांत इतकी दबली कीं लाटा कांठाशीं आल्या. एडनला पोहोंचली तेव्हां कांहीं तासांपुरताच कोळसा उरला होता. २२ एप्रिलला ती सुवेझला लागली. या ३३ दिवसांपैकीं सुमारें एक तृतीयांश काळ वाटेवरच्या बंदरांत कोळसा भरण्यांतच गेला.

त्याच महिन्यांत टॉमस वॅगहॉर्न हा खटपटी मनुष्य उलट दिशेनें मुंबईस येऊन पोहोंचला. ऑक्टोबर १८२९ मध्यें तो लंडनहून निघाला, ट्रिएस्टवरून अलेक्झांड्रिया गांठून सुवेझला आला, आणि पाहतो तों ठरलेली आगबोट नाहीं. ती वाटेंतच निकामी झाली होती. तेव्हां एक उघडी होडी करून तो तांबड्या समुद्रानें जेद्दापर्यंत गेला. खुष्की त्याला कोठेंच नडली नाहीं. नडला तो दर्या. तरीहि पुढलीं वर्षें त्यानें मिसरच्या वाळवंटांतच घातलीं.

तेथील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. सुवेझला पिण्याजोगें पाणी नाहीं, तें उंटांवरून आणावयाचें. बंदर उथळ, म्हणून आगबोट दूर नांगरून उतारूंना होड्यांतून उतरवीत. वाळवंटांत सात-आठ टप्पे केलेले. त्या प्रत्येकावर तबेला, आणि मधल्या मोठ्या ठाण्यावर जेवण व निजावयाची सोय. गाडी दोन चाकांची, वरून झांकलेली, सहा उतारूंची. तिला चार घोडे किंवा खेचरें. जनावरें मोजकींच, म्हणून सगळे उतारू एकदम निघत नसत. गट पाडून कांहीं तासांच्या अंतरानें गाड्या सुटत. सामान व टपालाच्या पेट्या उंटांवर. कायरोच्या खाणावळींत उतारू सामान बांधून बसलेले, आणि सुवेझला बोट दिसली कीं टेकड्यांवरील मनोऱ्यांतून लांकडी हातांच्या खुणांनीं ती वर्दी कायरोस पोहोंचे. मग गाड्या जुंपल्या जात. म्हणजे गाडीचें वेळापत्रक असें कांहीं नव्हतेंच. बोट येईल तें वेळापत्रक. सगळी मिसरची वाट पुढें पुढें अडीच-तीन दिवसांत उरकूं लागली. हिल नांवाच्या प्रतिस्पर्ध्यानें वॅगहॉर्नचा धंदा गिळला, व त्याच दशकांत मिसर सरकारनें तो आपल्या हातीं घेतला. वॅगहॉर्न कर्जबाजारी होऊन १८५० च्या जानेवारींत वारला. पुतळा मात्र उभा राहिला, चॅटम या त्याच्या जन्मगांवीं, १८८८ त.

कोळशाचा प्रश्न कंपनी सरकारनें आपल्या रीतीनें सोडविला. १९ जानेवारी १८३९ रोजीं मुंबईहून गेलेल्या आरमारानें एडन घेतलें. त्याचीं अनेक कारणें सांगतात; कोळशाची वखार हें त्यांतलें मोठें. पी. अँड ओ. कंपनीला सनद मिळाली १८४० त, आणि तिची ‘हिंदोस्तान’ ही बोट कलकत्ता-सुवेझ ओळीसाठीं साउथॅम्प्टनहून निघाली १८४२ त. मुंबई-सुवेझ ओळ मात्र १८५४ पर्यंत सरकारी आरमाराकडेच होती. अर्देसर करसेटजी वाडिया १८३९ त याच वाटेनें विलायतेस गेले. त्यांची दैनंदिनी १८४० त लंडनमध्यें छापली गेली आहे.

आतां त्या चिरा. अलेक्झांड्रियाकडून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर युरोपांत प्लेगचा संशय असे. माल्टा, मार्सेय इत्यादि बंदरांतील क्वारंटाईनखान्यांत पत्रांना चिरा पाडून आंत गंधकाची किंवा शिरक्याची धुरी देत. कागदावर तपकिरी डाग असेल तर तो बहुधा तिचाच. यावरून पत्राची दिशाहि कळते: चिरा पडत त्या पूर्वेकडून युरोपांत जाणाऱ्या पत्रांना, तिकडून येणाऱ्यांना नव्हेत. ‘मार्सेयवरून’ असा शेरा असल्यास पत्र फ्रान्सांतून गेलें, लौकर पोहोंचलें, आणि हशील जास्त पडलें. म्हणून असलीं पत्रें पातळ कागदावर दाट लिहिलेलीं आढळतात. ‘साउथॅम्प्टनवरून’ असेल तर तें जिब्राल्टरला वळसा घालून सगळें पाण्यानें गेलें. चीर बुजविणें म्हणजे सनदेवरील शिक्का खरडण्यासारखेंच आहे.

आपल्या इतिहासाशीं याचा संबंध साताऱ्यापुरता सांगतों. प्रतापसिंह महाराज सप्टेंबर १८३९ मध्यें पदच्युत होऊन काशीस गेले, आणि रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून १८५३ पर्यंत त्यांचा दावा लंडनमध्यें लढत राहिले. ते तेथें गेले तेव्हां ही वाट नुकतीच रुळूं लागली होती. केपच्या काळांत प्रश्न व त्याचें उत्तर यांमध्यें वर्ष जाई. आतां एका बाजूस पांच-सहा आठवडे लागूं लागले. तरी तीन महिन्यांच्या आंत लंडनचें उत्तर काशीस येणें कठीणच. त्यांतहि पहिल्या वर्षांत नैऋत्येचा वारा सुरू झाला कीं आगबोटींची शक्ति अपुरी पडे व पावसाळ्यांतील टपाल रखडे. म्हणून पत्रावरील मितीला ठराविक दिवस मिळवून ‘अमुक तारखेस हें कळलें असावें’ असें लिहिणें धाडसाचें आहे. पत्र लिहिल्याच्या दिवसापासून नव्हे, बोट सुटल्याच्या दिवसापासून मोजलें पाहिजे.

उलट, सगळा उशीर टपालाच्या माथीं मारणेंहि बरोबर नाहीं. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजीं वारले, आणि राज्य खालसा करण्याचा डायरेक्टरांचा निवाडा झाला जानेवारी १८४९ मध्यें. टपाल त्या वेळीं दीड महिन्यांत जात होतें. बाकीचे महिने वाळवंटांत गेले नाहींत. ते मुंबई, कलकत्ता व लंडन येथील टेबलांवर गेले.

८४ मैलांची ती खुष्की फार दिवस टिकली नाहीं. अलेक्झांड्रिया-कायरो आगगाडी १८५६ त व कायरो-सुवेझ १८५८ त सुरू झाली. तेथेंहि पाणी आडवें आलेंच. कफर-एल्-झय्यात येथें नाइलवर पूल होण्यापूर्वीं डबे तराफ्यावर घालून पैलतीरास नेत. १८५८ च्या मे महिन्यांत असा एक डबा नदींत घसरला व मिसरच्या गादीचा वारस अहमद रिफात त्यांत बुडून मेला. त्याच्या मागून वारस ठरलेल्या इस्माइलच्या कारकीर्दींत, १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं, सुवेझचा कालवा उघडला. त्यानंतर गाडी व बोट यांची सांगड घालण्याचें कारण हळूहळू उरलें नाहीं.

मित्राचा लखोटा आतां चिरांसकट दोन जाड कागदांमध्यें सपाट ठेविला आहे. ज्यांच्या संग्रहीं इ. स. १८३० ते १८५८ या काळांतील ‘ओव्हरलँड’ शेऱ्याचे लखोटे असतील त्यांनीं लिहिल्याची तारीख, पोहोंचल्याचा शिक्का, बोटीचें नांव असल्यास तें, व चिरा आहेत किंवा नाहींत, एवढें टिपून मंडळाकडे पाठविण्याची कृपा करावी. तशा टिपणांवरून मुंबईच्या टपालाचें कोष्टक तयार करण्याचा माझा विचार आहे.