आईकडचे जनुक, वडिलांकडचे जनुक : एका गृहीतकाचा इतिहास

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांचा निबंध १८६६ साली प्रसिद्ध केला. त्या प्रयोगांत त्यांनी प्रत्येक संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिला होता. उंच झाडाचे परागकण खुज्या झाडाला दिले, तसेच खुज्या झाडाचे उंच झाडाला दिले. निष्पत्ती दोन्ही वेळा एकच आली. त्यावरून असे गृहीतक रूढ झाले की, जनुक आईकडून आले काय किंवा वडिलांकडून आले काय, त्याच्या कार्यात फरक पडत नाही. बहुतांश जनुकांच्या बाबतीत ते आजही खरे आहे. मात्र सस्तन प्राण्यांतील काही जनुके त्याला अपवाद आहेत. हा अपवाद कसा सिद्ध झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विखुरलेले पुरावे

अपवादाच्या खुणा बऱ्याच आधीपासून दिसत होत्या. हेलन क्राउस यांनी १९६० मध्ये सायारा या लहान माशीचा अभ्यास करताना असे दाखवले की, वडिलांकडून आलेली काही गुणसूत्रे पेशी ओळखते आणि काढून टाकते. या ओळखीसाठी त्यांनी 'इम्प्रिंटिंग', म्हणजे ठसा, हा शब्द वापरला. १९७१ मध्ये कांगारूंच्या माद्यांत वडिलांकडचे एक्स गुणसूत्र निष्क्रिय असते, असे आढळले. १९७४ मध्ये डी. आर. जॉन्सन यांनी 'हेअरपिन टेल' नावाच्या आखूड शेपटीच्या उंदरांविषयी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. या उंदरांतील दोष वडिलांकडून आला तर पिल्ले जगत, आणि तोच दोष आईकडून आला तर मरत. दोष अंडपेशीच्या पेशीद्रव्यात असावा, असा तर्क करण्यास येथे वाव होता.

उलट दिशेचा दावाही पुढे आला. केवळ आईचे किंवा केवळ वडिलांचे जनुकद्रव्य असलेले उंदीर जन्माला घातल्याचे पीटर हॉपे व कार्ल इल्मेन्झे यांनी १९७७ मध्ये जाहीर केले. तो दावा खरा ठरता तर ठशाचा प्रश्नच उरला नसता.

१९८४ चे प्रयोग

फलनानंतर काही तास उंदराच्या अंडपेशीत दोन पूर्वकेंद्रके वेगवेगळी दिसतात. एक अंड्याचे असते, दुसरे शुक्राणूचे. फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत जेम्स मॅक्ग्रा व डॅव्होर सोल्टर यांनी ही पूर्वकेंद्रके सूक्ष्म काचनळीने एका अंडपेशीतून दुसरीत हलविण्याची पद्धत १९८३ मध्ये सिद्ध केली. १९८४ मध्ये त्यांनी तीन प्रकारच्या अंडपेशी तयार केल्या. दोन मातृ-पूर्वकेंद्रकांच्या ३३९ भ्रूणांतून एकही पिल्लू जन्मले नाही. दोन पितृ-पूर्वकेंद्रकांच्या ३२८ भ्रूणांतूनही एकही नाही. मात्र तीच शस्त्रक्रिया करून एक मातृ व एक पितृ असे पूर्वकेंद्रक ठेवलेल्या ३४८ भ्रूणांतून १८ पिल्ले जन्मली.

हा तिसरा गट नसता तर उरलेल्या दोन्ही गटांतील अपयश शस्त्रक्रियेच्या इजेमुळे आले, असे सहज म्हणता आले असते. त्याच वर्षी याच दोघांनी हेअरपिन उंदराचा दोष पेशीद्रव्यात नसून केंद्रकात असल्याचेही दाखवले. १९७७ चा दावा मात्र इतरांच्या हाती पुन्हा सिद्ध झाला नाही.

केंब्रिजमध्ये अझीम सुरानी, शीला बार्टन व मायकेल नॉरिस हे त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले. जननपेशी तयार होतानाच जनुकद्रव्यावर ठसा उमटतो, असे त्यांनी मांडले. केवळ मातृ-जनुकद्रव्याचा भ्रूण लहान पण बऱ्यापैकी घडलेला असे, आणि त्याची वार खुरटलेली असे. केवळ पितृ-जनुकद्रव्याच्या बाबतीत नेमके उलटे घडे.

ठसा म्हणजे काय

हारवेल येथे ब्रूस कॅटॅनॅक व कर्क यांनी १९८५ मध्ये हा परिणाम ठरावीक गुणसूत्रांपर्यंत आणून पोहोचवला. अकराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईच्या असलेले उंदीर लहान होते, तर दोन्ही प्रती वडिलांच्या असलेले मोठे होते. १९९१ मध्ये पहिली तीन जनुके सापडली. त्यांपैकी वाढीला चालना देणारे आयजीएफ-२ वडिलांच्या प्रतीतून कार्य करते. त्याला आवर घालणारे आयजीएफ-२-आर व त्यांच्यासोबतचे एच-१९ ही दोन्ही आईच्या प्रतीतून कार्य करतात. हेअरपिन उंदरात आयजीएफ-२-आर हेच जनुक गहाळ होते. आईकडची प्रत गेली की कार्य करणारी प्रतच उरत नसे.

हा ठसा डीएनएच्या अक्षरक्रमात नसतो. डीएनएवर मिथाइल गट जोडले जातात आणि त्यामुळे जनुक उघडे राहते किंवा बंद होते. मिथिलीकरण बिघडवले की ठसेही बिघडतात, हे १९९३ मध्ये रूडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले. प्रत्येक पिढीत भ्रूणातील आद्य जननपेशींमध्ये जुने ठसे पुसले जातात, आणि मग त्या व्यक्तीच्या लिंगानुसार नवे उमटतात. म्हणून पुरुषाला त्याच्या आईकडून मिळालेली प्रत पुढे त्याच्या मुलांत 'वडिलांकडची' म्हणून पोहोचते.

मानवी आजार

१९८९ पर्यंत हा विषय रुग्णालयांपर्यंत पोहोचला. पंधराव्या गुणसूत्राचा एकच तुकडा वडिलांच्या प्रतीतून गळाला तर प्राडर-विली विकार होतो. त्यात तान्हेपणी स्नायू शिथिल असतात आणि पुढे न शमणारी भूक लागते. तोच तुकडा आईच्या प्रतीतून गळाला तर अँजेलमन विकार होतो. त्यात बोलणे जवळजवळ येत नाही, झटके येतात व चाल अस्थिर असते. वर्गात हे शिकवताना एक गैरसमज कटाक्षाने टाळला पाहिजे. 'आईच्या प्रतीतील दोष' याचा अर्थ आईचा दोष नव्हे. असे तुकडे गळणे बहुतेक वेळा जननपेशी घडताना अकस्मात होते. कोणाच्या वागणुकीशी त्याचा संबंध नसतो.

समारोप

टोकियोत तोमोहिरो कोनो यांच्या गटाने २००४ मध्ये दोन मातांपासून उंदराची एक मादी प्रौढ होईपर्यंत वाढवली. त्यासाठी एका अंड्यातील एच-१९ चा ठसा निकामी करावा लागला. २०२५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दोन पित्यांचे उंदीर प्रौढावस्थेपर्यंत नेले, तेव्हा वीस ठिकाणी फेरफार करावे लागले. अडथळा ठशांचाच होता, हे यावरून पुन्हा स्पष्ट झाले.

या इतिहासाने मेंडेल यांचा नियम रद्द होत नाही. तो कोठपर्यंत लागू आहे, एवढेच त्याने ठरवून दिले. पाठ्यपुस्तकातील नियम त्याच्या मर्यादेसह शिकवला, तर १९८४ मधील न जन्मलेल्या पिल्लांनी काय सिद्ध केले, हे विद्यार्थ्यांना आपोआप उमगेल.