बफरचा हिशेब

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या साथरोग रुग्णालयात पोलिओच्या रोग्यांची रीघ लागली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पहिले ३१ रोगी यंत्रांच्या आधाराने ठेवले. त्यांपैकी २७ दगावले. रक्त तपासावे तो त्यात कार्बन डायॉक्साइडची एकूण मात्रा भरमसाट निघे. तिचा मोठा भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि बायकार्बोनेट तर अल्कधर्मी. तेव्हा रक्त अल्कधर्मी झाले आहे, अशी डॉक्टरांची समजूत झाली. ती जिवावर बेतत होती.

खरे म्हणजे उत्तर ४४ वर्षांपूर्वीच मिळालेले होते. सौम्य अम्ल व त्याचाच क्षार एकत्र असता द्रावणाचा आंबटपणा त्या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरतो, एकूण साठ्यावर नव्हे, हे १९०८ साली हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसनने दाखविले. पुढल्याच वर्षी कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत (होय, बिअर गाळणाऱ्यांनीच काढलेली!) सोरेनसेनने पीएचची मोजपट्टी दिली. पहिले महायुद्ध चालू असता कोपनहेगनच्याच हासेलबाल्कने हेंडरसनचे समीकरण लॉगरिथममध्ये बसविले.

हिशेब अगदी सोपा आहे. अम्ल व क्षार समसमान असता जो पीएच येतो तो त्या अम्लाचा पीके. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक अम्लाचा तो ४.७६. आपल्याला ५.०६ पीएचचे ३०० मिलिलिटर द्रावण हवे आहे. फरक ०.३०, कोष्टकात हा २ चा लॉगरिथम. म्हणजे क्षार दोन भाग, अम्ल एक भाग. दोन्ही द्रावणे सारख्या तीव्रतेची असली की सोडियम ॲसिटेट २०० आणि अम्ल १०० मिलिलिटर. त्यात तितकेच पाणी ओतले तरी पीएच जवळजवळ तोच राहतो. बाहेरून आलेले अम्ल पचविण्याची ऐपत मात्र निम्मी होते.

रक्तात पीके ६.१. बायकार्बोनेट विरघळलेल्या वायूच्या वीसपट असते. २० चा लॉगरिथम १.३, म्हणून पीएच ७.४. त्या रोग्यांत साठा वाढला खरा, पण वायू बाहेरच पडेना, म्हणून त्याचा वाटा अधिक वाढला. वीसपटीचे दहापट झाले की पीएच ७.१ वर येतो. रक्त अल्कधर्मी नव्हे, अम्लधर्मी होत होते!

भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेनने हे ओळखले. पौल आस्त्रुपने रक्ताचा पीएच प्रत्यक्ष मोजला, तो उतरलेलाच निघाला. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसविण्यात आली आणि इब्सेनने रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. मग सुमारे १,५०० विद्यार्थी रात्रंदिवस, पाळीपाळीने, रोग्यांच्या उशाशी पिशव्या दाबीत बसले.